मोटारसायकलने घाट उतरताना

चिखलोलीच्या शिवारात उभे राहिले की एका अंगाला मलंगगड दिसतो, दुसऱ्या अंगाला माथेरानचा डोंगर आणि पूर्वेला दूरवर सह्याद्रीची निळी रांग. अंबरनाथ आणि बदलापूर यांच्या मधले हे गाव. भाताची खाचरे आणि धरण यांचे हे गाव आता इमारतींनी वेढले गेले आहे. गावासाठी रेल्वेचे नवे स्टेशनही मंजूर झाले आहे. पण गाव शहराला कितीही भिडले, तरी माणसांचे येणे-जाणे जुन्याच वाटांनी चालू राहते. कुणाची लेक घाटावर दिलेली असते, कुणाची सून घाटावरून आलेली असते. जुन्नर, ओतूरकडच्या सोयऱ्यांकडे लग्न, बारसे, दहावा-तेरावा असतो. लेण्याद्री-ओझरचा गणपती असतो. कार्ल्याच्या एकवीरा आईची यात्रा असते. या सगळ्या कामांना घाट ओलांडल्याशिवाय गत्यंतर नाही.

पूर्वी या कामांना लोक एसटीने जात. आज बहुतेक घरांच्या ओसरीपुढे मोटारसायकल उभी असते. पहाटे किक मारावी, बदलापूरहून बारवी धरणाच्या रस्त्याने मुरबाड गाठावे आणि टोकावडे, वैशाखरे मागे टाकून माळशेज चढावा. दुपारी जेवणाला सोयऱ्यांकडे आणि रात्री परत घरी! सोय मोठी आहे यात शंका नाही. पण बदलापूर-अंबरनाथच्या सपाट रस्त्यावर दहा-दहा वर्षे गाडी चालवलेला माणूसही घाटात नवखाच असतो, ही गोष्ट आपण विसरतो. सपाटीवरचे हात घाटात उपयोगी पडत नाहीत. घाटाचे शास्त्र निराळे आहे. ते अवघड नाही, पण ते घरातल्या प्रत्येकाला माहीत हवे. गाडी चालवणाऱ्याला तर हवेच, पण मागे बसणाऱ्या गृहिणीला आणि घरी वाट पाहणाऱ्या वडीलधाऱ्यांनाही हवे.

खरी कसोटी उतारावर

घाट म्हटले की आपल्याला चढाची काळजी वाटते. गाडी चढेल का, इंजिन तापेल का, दोघांना ओढेल का? खरे पाहता चढताना गाडी आपोआप सावध असते. वेग मुळातच कमी असतो. ॲक्सिलरेटर सोडला की गाडी लगेच मंदावते. चूक झाली तर ती सुधारायला थोडा वेळ मिळतो.

उतारावर हे सगळे उलटे होते. मोटारसायकलचे वजन सव्वाशे किलो धरा. त्यावर दोन माणसे आणि एखादी पिशवी म्हणजे अडीचशे किलोच्या आसपास भार झाला. अडीच क्विंटलचे ओझे उतारावर सोडून दिले तर ते काय करील, हे शेतकऱ्याला सांगायला नको. ते धावतच सुटणार. ते ओझे वळणावळणाला आवरत, सावरत खाली आणायचे, हेच घाट उतरण्याचे काम आहे.

आपले पूर्वज हे जाणून होते. बैलगाडी उताराला लागली की गाडीवान खाली उतरायचा, कासरा आखडून धरायचा आणि बैलांच्या बरोबरीने पायी चालायचा. उतारावर बैल पळवणाऱ्याला लोक शहाणा म्हणत नसत.

आजही आपल्या भागात घाट उतरण्याचा उत्तम धडा देणारी एक गुरुमाउली आहे, ती म्हणजे रेल्वे. चिखलोलीच्या रुळांवरून जाणाऱ्या पुण्याच्या गाड्या पुढे कर्जतला थांबतात. प्रवासी वडा खातात तेवढ्यात गाडीच्या मागे जादा इंजिने जोडली जातात. पुढे बोरघाटात रेल्वेचा चढ ३७ ला १ असा आहे. म्हणजे ३७ फूट पुढे गेले की एक फूट उंची वाढते. १८६३ साली हा मार्ग सुरू झाला, तेव्हापासून या चढाचा मान राखला जातो. पण त्याहून अधिक काळजी उतरताना घेतली जाते. पुण्याकडून खाली येणारी गाडी घाटात ठरलेल्या ठिकाणी मुद्दाम थांबवतात, ब्रेक नीट लागतात की नाही हे पाहतात आणि मगच पुढे सोडतात. एवढेही पुरेसे मानलेले नाही. ब्रेक निकामी झालेली गाडी वळवून घेण्यासाठी घाटात चढणीचे आडवे रूळ टाकून ठेवले आहेत. त्यांना कॅच सायडिंग म्हणतात. ब्रेक लागले नाहीत, तर गाडी त्या चढणीवर जाऊन आपोआप थांबावी, अशी ती योजना आहे.

आता विचार करा. हजारो टनांच्या गाडीला अनुभवी चालक असतो, सिग्नल असतात, रूळ असतात. तरीही रेल्वे घाटाच्या माथ्यावर थांबते, ब्रेक तपासते आणि ठरलेल्या हळू वेगाने उतरते. आपल्या मोटारसायकलीला तर रूळही नाहीत आणि कॅच सायडिंगही नाही. मग आपण माथ्यावर दोन मिनिटे का थांबू नये?

ब्रेक ऐनवेळी दगा का देतात?

‘ब्रेक फेल झाला’ हे शब्द घाटातल्या अपघातानंतर हमखास ऐकू येतात. पुष्कळदा ब्रेक आधी चांगला असतो. तो घाटातच बिघडतो, आणि बिघडवतो तो आपला हात किंवा पाय.

ब्रेक म्हणजे घासणे. ड्रममध्ये लायनर घासते, डिस्कला पॅड घासतात. घासले की उष्णता होते. सपाटीवर आपण क्षणभर ब्रेक लावतो आणि सोडतो, त्यामुळे तो निवतो. घाटात मात्र पुष्कळजण सबंध उतारभर पाय ब्रेकवर ठेवूनच बसतात. लायनर तापतच जाते. एका मर्यादेपलीकडे तापलेले लायनर पकड सोडते. डिस्क ब्रेकमध्ये तेल असते. ते जुने झाले असेल तर त्याने हवेतले पाणी शोषलेले असते. ते पाणी उष्णतेने उकळते, वाफ होते आणि लिव्हर दाबला तर हाताला नुसता पोकळ लागतो. ही वेळ येते ती नेमकी खालच्या वळणांवर, जिथे ब्रेक सर्वांत जास्त लागतो.

यावर उपाय प्रत्येक गिअरच्या गाडीत आहे. उपाय म्हणजे इंजिन. ॲक्सिलरेटर सोडून गाडी खालच्या गिअरमध्ये ठेवली, की मागच्या चाकालाच इंजिन फिरवावे लागते. त्याला जोर पडतो आणि गाडी आपोआप धरली जाते. इंजिन गुरगुरते, पण घाबरू नका. तो आवाज गाडी ताब्यात असल्याचा आहे. जुने ड्रायव्हर एक साधा नियम सांगतात: जो घाट ज्या गिअरमध्ये चढलात, तो त्याच गिअरमध्ये उतरा. दुसऱ्या गिअरने चढला असाल तर दुसऱ्यानेच उतरा. ब्रेक फक्त वळणाआधी लावा, थोडा वेळ पण नीट लावा आणि सोडून द्या. दोन्ही ब्रेक एकदम वापरा. पुष्कळजण पुढच्या ब्रेकला भितात आणि फक्त पायाच्या ब्रेकवर भिस्त ठेवतात. सरळ, कोरड्या रस्त्यावर पुढचाच ब्रेक गाडी जास्त थांबवतो. मात्र गाडी वळणात कललेली असताना किंवा रस्त्यावर वाळू, खडी असताना तो करकचून दाबू नये.

जळका वास आला, लिव्हर नरम लागू लागला, तर तो इशारा समजा. रुंद जागा पाहून गाडी बाजूला घ्या आणि पंधरा-वीस मिनिटे निवू द्या. तापलेल्या डिस्कवर पाणी ओतू नका.

पेट्रोल वाचवण्याची खोटी बचत

घाटाच्या माथ्यावर पोचले की गाडी न्यूट्रल करायची किंवा चावीच फिरवून बंद करायची आणि खालपर्यंत फुकट यायचे, ही सवय आपल्याकडे फार आहे. कष्टाने पैसा मिळवणाऱ्याला फुकट म्हटले की बरे वाटते. पण या बचतीचा हिशेब करून पाहू.

लिटरला पन्नास किलोमीटर देणारी गाडी दहा किलोमीटरच्या घाटात जास्तीत जास्त दोनशे मिलिलिटर पेट्रोल घेईल. त्याची किंमत वीस-बावीस रुपये. तेवढ्यासाठी आपण इंजिनाचा मोठा ब्रेक काढून टाकतो आणि सगळा भार दोन छोट्या लायनरांवर घालतो. आणि गंमत अशी, की एप्रिल २०२० पासून विकल्या जाणाऱ्या बीएस-६ गाड्यांपैकी बहुतेकींमध्ये पेट्रोल इंजेक्शनने सोडले जाते. अशी गाडी गिअरमध्ये ठेवून ॲक्सिलरेटर सोडला, तर उतारावर ती पेट्रोलचा पुरवठा स्वतःच तोडते. न्यूट्रल केली तर उलट इंजिन चालू ठेवण्यासाठी थोडे पेट्रोल जळते. म्हणजे जिवाचा धोका पत्करून वीस रुपयेसुद्धा वाचत नाहीत. चावी फिरवून बंद केलेल्या गाडीचे दिवे आणि हॉर्नही बंद पडतात, ते वेगळेच.

गिअर नसलेली स्कूटर आणि माथेरानचा उतार

हल्ली घरोघरी बिनगिअरची स्कूटर आहे. बाजारहाटाला, मुलांना शाळेत सोडायला ती फार सोयीची. पण उभ्या घाटात तिची एक उणीव आहे. तिच्यात खालचा गिअर टाकण्याची सोय नसते. त्यात वेग फार कमी झाला, की तिचा क्लच आपोआप सुटतो आणि इंजिनाची उरलीसुरली पकडही जाते. मग सगळा भार ब्रेकवर.

नेरळहून माथेरानला जाणारा रस्ता आपल्या अगदी जवळचा. तो किती उभा आहे हे समजायचे असेल तर शेजारच्या छोट्या रेल्वेकडे पाहा. १९०७ साली सुरू झालेली ही झुकझुक गाडी डोंगराला वळसे घालत घालत सुमारे एकवीस किलोमीटरमध्ये माथेरान गाठते. मोटारींचा रस्ता दस्तुरी नाक्यापर्यंत पोचतो तो त्याच्या निम्म्याहूनही कमी अंतरात. माथेरानमध्ये मोटारगाड्यांना बंदी असल्याने सगळ्या गाड्या दस्तुरीलाच थांबतात आणि संध्याकाळी सगळ्या एकदमच उतरू लागतात. अशा उतारावर दोन माणसे बसवून बिनगिअरची स्कूटर नेऊ नये, हेच बरे. नेलीच तर उतरताना दोन-तीन वेळा थांबून ब्रेक निवू द्यावेत, आणि मागच्या माणसाने सर्वांत उभा टप्पा खुशाल पायी उतरावा. त्यात कमीपणा नाही.

वळणाचे नियम

घाटातले वळण हे बंद दारासारखे असते. पलीकडे कोण उभे आहे ते दिसत नाही. म्हणून वेग वळणाच्या आधी कमी करायचा. वळणात शिरल्यावर ब्रेक दाबणारा घसरतो.

आकडा लक्षात ठेवा. ताशी ४० किलोमीटर म्हणजे सेकंदाला अकरा मीटर, जवळजवळ एका एसटी बसच्या लांबीइतके अंतर. समोरचे संकट डोळ्याला दिसून हात ब्रेकवर पोचेपर्यंत एखादा सेकंद सहज जातो. म्हणजे ब्रेक लागायला सुरुवात होण्याआधीच गाडी एक बसभर पुढे गेलेली असते. वेग दुप्पट केला तर ब्रेक लागल्यावर थांबायला लागणारे अंतर दुप्पट होत नाही, चौपट होते. उतारावर ते आणखी वाढते.

आपली बाजू डावी. मधली रेघ ही भिंत आहे असे समजा. उजवीकडच्या वळणावर कोपरा कापून जाण्याचा मोह होतो. तिथेच समोरून ट्रक येतो. डावीकडच्या वळणावर वेग जास्त असेल तर गाडी आपणहून रेघेपलीकडे जाते. दोन्ही चुकांचे मूळ एकच, वळणात शिरतानाचा वेग.

घाटावरून भाजीपाला घेऊन कल्याण आणि वाशीच्या बाजाराला येणारे ट्रक-टेम्पो आपल्या ओळखीचेच आहेत. त्यांत आपल्याच सोयऱ्यांचे टोमॅटो नि कोबी असतात. भरलेला लांब ट्रक केसाच्या आकड्यासारख्या वळणावर सबंध रस्ता व्यापतो. त्याला दुसरा इलाज नसतो. तो वळताना दिसला तर आपण वळणाच्या अलीकडेच थांबावे. त्याच्या आतल्या बाजूने मोटारसायकल घुसवू नये, कारण त्याचे मागचे चाक आतल्या कडेवरूनच येते. अरुंद घाटरस्त्यावर चढणाऱ्या वाहनाला आधी वाट द्यावी असा कायदा आहे. चढणारा एकदा थांबला तर त्याला पुन्हा उचल घेणे कठीण जाते. उतरणाऱ्याने थांबणे हेच रीतीचे आणि शहाणपणाचे.

पाऊस, धुके आणि रात्र

माळशेज पावसाळ्यात दिसतो सुंदर. कड्यावरून धबधबे थेट रस्त्यावर पडतात, ढग खाली उतरतात. पण त्याच दिवसांत तो सर्वांत धोक्याचा असतो. जुलै २०१३ मध्ये मोठी दरड कोसळून हा घाट बरेच दिवस बंद ठेवावा लागला होता. पावसात कातळातल्या फटी भिजतात, माती सुटते आणि दगड खाली येतात. म्हणून जोराचा पाऊस असताना कड्याखाली गाडी उभी करून फोटो काढत बसू नये. अलीकडे बहुतेक पावसाळ्यांत धबधब्यांवर प्रशासनाचे मनाई आदेश निघतात. ते कुणाच्या आनंदावर विरजण घालायला काढलेले नसतात.

पहिल्या पावसाचे दोन-चार दिवस विशेष जपा. उन्हाळाभर रस्त्यावर सांडलेले डिझेल आणि तेल पाण्याबरोबर वर येते. वळणावर इंद्रधनुष्यासारखा रंगीत तवंग दिसला, की तिथे साबण सांडला आहे असे समजा. धुक्यात हेडलाइट खाली झुकवून ठेवा. वर रोखलेला प्रकाश धुक्यावर आपटून आपल्याच डोळ्यांत येतो. पुढच्या वाहनाच्या मागच्या दिव्यावर डोळा ठेवून त्याच्या पाठोपाठ धावू नका. तो चुकला तर तुम्हीही चुकाल.

रात्रीची गोष्ट आणखी वेगळी. १९ फेब्रुवारीच्या शिवजयंतीला शिवनेरीहून शिवज्योत आणायला गावोगावची पोरे मोटारसायकलींवर निघतात. रात्रभर जागरण, एका गाडीवर तिघे, हातात झेंडा, कानात वारा आणि अंगात उत्साह. उतरायचे असते ते माळशेजच्या अंधारातून. पोरांची श्रद्धा मोठी आहे, तिला नावे ठेवू नयेत. पण ज्या राजाने डोंगरवाटा जाणून, वेळ पाहून, माणसे जपून लढाया केल्या, त्याच्या नावाने निघालेल्यांनी तरी घाट बेफाम उतरू नये. मंडळाच्या थोरांनी दोन गोष्टी ठरवून द्याव्यात. गाडी चालवणारा आदल्या रात्री झोपलेला असावा, आणि पुढेमागे एखादा टेम्पो किंवा जीप असावी. दारू प्यालेल्याला ज्योतीजवळ फिरकू देऊ नये.

झोप हा घाटातला छुपा वैरी आहे. १५ एप्रिल २०२३ च्या पहाटे पुण्याहून परतणाऱ्या ढोलताशा पथकाची बस जुन्या पुणे-मुंबई रस्त्यावर बोरघाटात दरीत कोसळली आणि १३ जण गेले. बहुतेक सगळी तरुण मुले. त्याआधी जानेवारी २०१४ मध्ये माळशेज घाटात एसटीची बस दरीत जाऊन पंचवीसहून अधिक माणसे दगावली. बसला पत्र्याचे कवच असते, तिचा चालक रोजचा असतो. तिची ही गत, तर उघड्या मोटारसायकलीची काय कथा! बोरघाटात शिंगरोबाचे देऊळ आहे. इंग्रज अभियंत्यांना घाटाची वाट दाखवणाऱ्या धनगराची ती आठवण, असे लोक सांगतात. जाणारे-येणारे तिथे नाणे टाकतात. नाणे अवश्य टाकावे, पण त्यासाठी गाडी पुरती थांबवावी, डोळ्यांवर पाणी मारावे, ब्रेक दाबून पाहावा. देवाच्या निमित्ताने गाडीचीही विचारपूस होईल.

मागे बसणाऱ्यांसाठी

भगिनींनो, हा भाग तुमच्यासाठी. लांबच्या प्रवासात तुम्ही बहुधा एका अंगाने, मांडीवर मूल आणि हातात पिशवी घेऊन बसता. घाटात असे बसणे धोक्याचे आहे. एका अंगाला भार पडल्याने गाडी वळणावर ओढली जाते आणि धरायला एकच हात मोकळा राहतो. शक्य असेल तेव्हा दोन्ही बाजूंना पाय टाकून बसावे. त्यासाठी प्रवासापुरती सलवार-कमीज घातली तर सासूबाईंनीही हरकत घेऊ नये. साडी असेल तर पदर कमरेला खोचून घ्यावा, ओढणी असेल तर मागे गाठ मारावी. मागच्या चाकावरची जाळी काढून टाकलेली असेल तर ती बसवून घ्या. चाकात कपडा जाऊ नये म्हणून ती कायद्यानेच लावलेली असते.

मोटारसायकलवर चालवणाऱ्याच्या मागे एकच माणूस, हा कायदा आहे. नवरा, बायको, दोन मुले आणि वर सोयऱ्यांनी दिलेली तांदळाची गोणी, अशी वरात घाटात नेणे म्हणजे पुढचे चाक हलके करणे होय. भार मागे वाढला की पुढच्या चाकाची पकड कमी होते आणि हँडल ऐकेनासे होते. मुले नि गोणी एसटीने पाठवा. नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलाला न्यायचे झालेच, तर त्याला चालवणाऱ्याशी बांधून ठेवणारा पट्टा आणि त्याच्या मापाचे हेल्मेट हवे, आणि वेग ४० च्या वर नको, असा नियम फेब्रुवारी २०२३ पासून लागू आहे.

आणि एक महत्त्वाचे. मागे बसणाऱ्याला बोलण्याचा अधिकार आहे. वेग जास्त वाटला तर ‘अहो, जरा हळू’ एवढे म्हणायला संकोच करू नका. ऐकले नाही तर चहाची टपरी दिसताच थांबायला सांगा. चहा पिऊन राग शांत होतो नि ब्रेकही निवतात.

डोक्याला फेटा पुरत नाही

२०२२ या एका वर्षात आपल्या देशात रस्त्यांवरच्या अपघातांत १,६८,४९१ माणसे गेली. त्यांपैकी ७४,८९७ जण दुचाकीवरचे होते. हेल्मेट नसलेले मृत्यू ५०,०२९ होते आणि त्यांतले १४ हजारांहून अधिक मागे बसलेले होते. हे सरकारी आकडे आहेत. म्हणजे हेल्मेट एक नको, दोन हवीत. आयएसआय शिक्का पाहून घ्यावे आणि हनुवटीखालचा पट्टा आवळून लावावा. हँडलला अडकवलेले हेल्मेट नाक्यावरच्या पोलिसाला दाखवण्यापुरते असते, पडताना ते उपयोगी येत नाही. लेकीच्या लग्नात जावयाला गाडी देणाऱ्यांनी गाडीबरोबर दोन हेल्मेटही द्यावीत.

अपघात झालाच तर

घाटात कुणी पडलेले दिसले तर पुढे निघून जाऊ नका. आपली गाडी वळणापासून दूर लावा आणि मागून येणाऱ्यांना सावध करायला एकाला उभे करा. १०८ वर रुग्णवाहिकेला किंवा ११२ वर पोलिसांना फोन लावा. घाटात फोन लागत नसेल तर जाणाऱ्या एसटीच्या कंडक्टरला निरोप द्या. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापडाची घडी जखमेवर घट्ट दाबून धरा. मान दुखावल्याची शंका असेल तर जखमीला ओढू नका, बसवू नका, पाणी पाजू नका.

पोलिसांच्या लचांडात अडकू, ही भीती आता नको. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १३४-अ आले. त्याप्रमाणे मदत करणाऱ्याला नाव-गाव सांगण्याची किंवा साक्षीदार होण्याची सक्ती करता येत नाही. मे २०२५ पासून केंद्र सरकारची योजनाही आहे. तिच्यानुसार अपघातातल्या जखमीवर नेमून दिलेल्या रुग्णालयात सात दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार पैसे न भरता होतात.

शेतकरी कुटुंबांनी आणखी एक गोष्ट कागदावर लिहून ठेवावी. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत सातबाराधारक शेतकरी आणि त्याच्या घरातला एक सदस्य, वय १० ते ७५, यांचा अपघाती मृत्यू झाल्यास दोन लाख रुपये मिळतात. प्रस्ताव तालुका कृषी अधिकाऱ्याकडे तीस दिवसांत द्यावा लागतो. मात्र नशेत झालेल्या अपघाताला ही मदत नाही. म्हणून लायसन्स, विमा आणि गाडीचे कागद जागेवर ठेवा. अर्थात, दोन लाखांनी नांगर धरणारा माणूस परत येत नाही, हे सांगायला कशाला हवे?

निघण्यापूर्वी पाहा

१. दोन्ही टायरची नक्षी आणि हवा. गुळगुळीत टायर घाटात नेऊ नका.
२. दोन्ही ब्रेक. लायनर झिजले असेल तर आधी बदला. डिस्कचे तेल कंपनीने सांगितलेल्या मुदतीत बदला.
३. चेन फार सैल नको, फार ताणलेली नको.
४. हेडलाइट, मागचा दिवा, हॉर्न.
५. ओझे खाली आणि मध्यभागी बांधलेले. हँडलला पिशवी किंवा दुधाची किटली अडकवू नका.
६. दोन हेल्मेट, आणि पावसाळ्यात अंगाला घट्ट बसणारा रेनकोट. उडणारे प्लास्टिक नको.
७. माथ्यावर थांबा. ब्रेक तपासा, खालचा गिअर टाका आणि मगच उतरा.
८. ब्रेक गेलाच तर घाबरून इंजिन बंद करू नका. एकेक गिअर खाली आणा, ब्रेक पुन्हा पुन्हा दाबून सोडा, हॉर्न वाजवत राहा आणि समोरून कुणी नाही असे पाहून गाडी डोंगराच्या कडेच्या मातीत घाला. दरीच्या बाजूला नको.

हे सगळे पाळूनही कधी उशीर होतो. लग्न लांबते, पंगत उशिरा उठते, गप्पांत दिवस कलतो. अशा वेळी ‘उद्या सकाळी कामावर जायचे आहे’ म्हणून अंधारात घाट गाठू नका. घाटावरचे सोयरे घरचेच आहेत. एक भाकरी जास्त टाकायला आणि एक वाकळ अंथरायला त्यांना जड जात नाही. घरी फोन करून सांगा, ‘आज मुक्काम इथेच, उजाडल्यावर निघू.’ आणि घरच्यांनीही त्यावर रागावू नये. सकाळी ऊन पडल्यावर निघालात तर जेवणाच्या वेळेला चिखलोलीत पोचाल.